फडाचे नाव आणि फडाचा इतिहास : संगमनेरच्या खेडकर-सातारकर तमाशाच्या निमित्ताने

१

तमाशाच्या एखाद्या फडाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला आरंभीच एका अडचणीला तोंड द्यावे लागते. ज्याचा इतिहास लिहावयाचा तो फड म्हणजे नेमके काय, हेच त्याला प्रथम ठरवावे लागते. फडातील माणसे सारखी बदलत असतात. ढोलकीवाला एका हंगामात एका फडात असतो, तर पुढील हंगामात दुसऱ्या फडात दिसतो. सोंगाड्या वृद्ध होतो व त्याची जागा त्याचा पुतण्या घेतो. नाचणारी मुलगी कालांतराने फडाची मालकीण होते. वग बदलतात, वाद्ये बदलतात, बैलगाडीच्या जागी मालमोटार येते. इतके सारे बदलूनही गावकरी ‘हा तोच फड’ असे निःशंकपणे म्हणतात. ही ओळख कोणत्या आधारावर टिकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रश्नाचे उत्तर फडाच्या नावात शोधता येते, असे येथे प्रतिपादावयाचे आहे. फडाचे नाव हे केवळ फलकावरील अक्षरे नसून फडातील सत्ता, नाते, वारसा आणि तडजोड यांची ती संक्षिप्त नोंद असते. लेखी दप्तर ठेवण्याची रीत ज्या व्यवसायात फारशी नव्हती, त्या व्यवसायाने आपला इतिहास नावाच्या रचनेत साठवून ठेवला. त्या रचनेचे व्याकरण समजले, तर इतिहासाचा पुष्कळसा भाग उलगडतो. उदाहरणासाठी नगर जिल्ह्यातील संगमनेर येथे स्थिरावलेला खेडकर-सातारकर यांचा फड मुख्यत्वे घेतला आहे. तुलनेसाठी अन्य फडांचा विचार ओघाने केला आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘तमाशा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मुळात त्याचा अर्थ सोबतीने फिरणे, फिरत फिरत पाहणे असा होता; पुढे त्याला ‘पाहण्याजोगी गोष्ट’ हा अर्थ प्राप्त झाला. ‘फड’ हा शब्द मराठीत कुस्तीचा, उसाचा, कीर्तनाचा आणि तमाशाचा असा चहूकडे आढळतो. लोक जमून जेथे एखादा उद्योग मांडतात ती जागा, आणि तो उद्योग करणारा समुदाय, असे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. तमाशाच्या क्षेत्रात ‘ढोलकी फड’ आणि ‘संगीत बारी’ असे दोन प्रकार मानले जातात. संगीत बारीत लावणी व अदाकारी यांना प्राधान्य असते. ढोलकी फडात गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो व वगाच्या निमित्ताने मोठा नटसंच बाळगावा लागतो. येथील विवेचन ढोलकी फडापुरते आहे.

१९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातून अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी तमाशाचा साचा राजकीय प्रबोधनासाठी वापरला, आणि त्या काळापासून ‘लोकनाट्य’ हा शब्द प्रतिष्ठा पावला. फडांनी हा नवा शब्द स्वीकारला. परंतु जुना टाकला नाही. ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ अशी तिहेरी जोडणी आज बहुतेक मोठ्या फडांच्या नावाखेरीस दिसते. ‘तमाशा’ हा शब्द गावच्या प्रेक्षकासाठी, ‘लोकनाट्य’ हा शिष्टसंमतीसाठी आणि ‘मंडळ’ हा संस्थेचे रूप दाखविण्यासाठी आहे. एकाच नावात तीन निरनिराळ्या श्रोत्यांना उद्देशून तीन शब्द ठेवलेले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता नावाचे व्यावहारिक महत्त्व पाहू. फड दोन प्रकारांनी मिळकत करतो. कनात लावून तिकिटावर खेळ करणे हा एक प्रकार आणि गावाने ठरावीक रकमेला यात्रेसाठी खेळ ठरविणे हा दुसरा. या दुसऱ्या व्यवहाराला ‘सुपारी’ म्हणतात. चैत्र-वैशाखातील ग्रामदैवतांच्या यात्रांसाठी पंचमंडळी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे जातात. तेथे फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात व प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक असतो. सुपारी ठरते त्या वेळी पंचांसमोर खेळ नसतो, नट नसतात, बहुधा व्यवस्थापक आणि त्याची वही एवढेच असते. गावाचा पैसा ज्याच्या भरवशावर द्यावयाचा, असे त्या क्षणी एकच असते व ते म्हणजे नाव. म्हणून नाव हे फडाचे भांडवल होय. ते कोणाचे, ते कोणाकडे जावयाचे, आणि त्यात कोणाचे स्थान पहिले, हे प्रश्न पोटापाण्याशी निगडित आहेत.

३

फडांच्या नावांचे पृथक्करण केले असता तीन घटक हाती येतात : व्यक्तिनाम, ‘-कर’ प्रत्ययान्त स्थलनाम, आणि दोन व्यक्तींना जोडणारा दुवा. यांपैकी ‘-कर’ हा घटक वरवर सोपा वाटतो. हिवरगावची ती हिवरगावकर, ढवळपुरीचे ते ढवळपुरीकर. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी हे गाव चंद्रकांत ढवळपुरीकर यांच्या फडामुळे जिल्ह्याबाहेरही माहीत झाले, तर ‘नगरकर’ हे नाव हरिभाऊ बडे यांच्या फडाने गावोगाव नेले. १९२० किंवा १९३० च्या सुमारास बाहेरगावच्या श्रोत्याला एवढीच ओळख पुरेशी होती.

तथापि, ‘-कर’ हा प्रत्यय जन्मस्थान सांगतो की निवासस्थान, हा प्रश्न कांताबाई सातारकर यांच्या नावाने उपस्थित होतो. कांताबाईंचा जन्म १९३९ मध्ये गुजरातेत, दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्या कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब साताऱ्यास आले व तेथे बालवयातच त्यांचे पाय रंगभूमीकडे वळले. त्यांच्या संसाराचा आणि फडाचा मोठा काळ गेला तो संगमनेरात, आणि २५ मे २०२१ रोजी त्यांचे निधन झाले तेही संगमनेरातच. त्या जन्माने गुजरातच्या आणि निवासाने संगमनेरच्या असूनही लोकांना त्या ‘सातारकर’ म्हणूनच परिचित राहिल्या. याचा अर्थ असा की, तमाशातील ‘-कर’ हा जन्माचा वा वास्तव्याचा दाखला नाही. कलावंत प्रथम जेथून पुढे आला, त्या ठिकाणाची ती खूण आहे.

दुसरी गोष्ट अशी की, विवाहानंतरही हे नाव बदलले नाही. कांताबाई या तुकाराम खेडकर यांच्या पत्नी. तथापि फडात त्या कधी ‘कांताबाई खेडकर’ झाल्या नाहीत. रूढ समाजात विवाहाबरोबर स्त्रीचे आडनाव बदलत असता, तमाशात मात्र स्त्रीने मिळविलेले नाव तिचेच राहते, कारण त्या नावावर सुपारी मिळते. गुलाबबाई संगमनेरकर यांचेही उदाहरण येथे देता येईल. लावणीच्या क्षेत्रात त्यांनी संगमनेरचे नाव जन्मभर वागविले. स्त्रीच्या स्वतंत्र नावाचा हा हक्क शिष्ट समाजाने मान्य करण्यापूर्वी पुष्कळ वर्षे तमाशाने व्यवहारात मान्य केला होता, हे नमूद केले पाहिजे. तो औदार्याने मान्य केला असे मानण्याचे कारण नाही. तो धंद्याच्या गरजेने मान्य झाला.

४

आता जोडणीच्या दुव्याकडे वळू. जुन्या फडांच्या नावांत दोन पुरुषांची नावे नुसती शेजारी ठेवलेली आढळतात. सांगली जिल्ह्यातील कवलापूर येथील खाडे घराण्याच्या फडाची परंपरा ‘सातू-हिरू’, मग ‘शिवा-संभा’, मग ‘काळू-बाळू’ अशा जोडनावांनी चालत आली. नारायणगावचा ‘भाऊ-बापू’ यांचा फड याच प्रकारचा. व्याकरणाच्या परिभाषेत हा द्वंद्व समास होय : दोन्ही पदे समान महत्त्वाची, आणि दोहोंमध्ये ‘आणि’ अध्याहृत.

काळू-बाळू या जोडीचे विशेष असे की, ती मूळ नावेही नव्हेत. लहू आणि अंकुश या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात हवालदारांच्या ज्या भूमिका केल्या, त्या पात्रांची ही नावे. पात्रे इतकी लोकप्रिय झाली की त्यांची नावे नटांना चिकटली व अखेर फडालाही तीच नावे मिळाली. द्वंद्वाची चौकट मात्र तीच राहिली. प्रत्येक पिढीने त्या चौकटीत आपली दोन नावे बसविली आणि ‘कवलापूरकर’ हे पद कायम ठेवले. अशा रीतीने माणसे बदलूनही फड तोच राहिला. येथे सातत्य राखणारा घटक गावाच्या नावाचा आहे.

परंतु द्वंद्व समास ही भावाभावांच्या फडांची रचना होती. पुरुष आणि स्त्री यांनी मिळून चालविलेल्या फडाला ती लागू पडली नाही. एकेकाळी तर अशा फडात स्त्रीच्या नावाला औपचारिक स्थानच नव्हते. याचे सर्वांत बोलके उदाहरण नगर जिल्ह्यातीलच आहे.

५

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावी १८७० मध्ये पवळा भालेराव यांचा जन्म झाला. महार समाजातील ही मुलगी खंडोबाची मुरळी म्हणून वाहिली गेली आणि पुढे तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली. सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, यांच्याशी त्यांची गाठ पडली. कवन बापूरावांचे आणि गळा, रूप व अदाकारी पवळाबाईंची, अशा या संयोगाने तमाशाला नवे वैभव आले. ‘मिठाराणी’ हा वग या जोडीने गाजविला. बापूरावांनी तमाशासाठी आपल्या ब्राह्मण जातीचा रोष पत्करला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पवळाबाईंनी काय पत्करले, याचा उल्लेख त्या मानाने क्वचितच होतो.

लोक त्यांना ‘नामचंद पवळा’ म्हणत. ही लोकांनी दिलेली पदवी होती. ती फडाच्या नावाचा घटक नव्हती. फड ओळखला जाई तो ‘पठ्ठे बापूराव’ यांचा म्हणून. पुढे दोघांची ताटातूट झाली व फडाचा बहर ओसरला. पवळाबाईंचे ६ डिसेंबर १९३९ रोजी आणि बापूरावांचे २२ डिसेंबर १९४५ रोजी निधन झाले. बापूरावांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. वाङ्मयेतिहासात बापूरावांना शाहीर म्हणून प्रकरण मिळाले, कारण त्यांची कवने कागदावर उतरली. पवळाबाईंची कला त्यांच्या देहाबरोबर संपली. त्यांचे नाव फडाच्या नावात गुंफले गेले असते, तर पुढील पिढीस निदान त्या नावावर हक्क सांगता आला असता. जोडी फुटली तेव्हा फडही फुटला, याचे एक कारण असे की, जोडीला सामावून घेणारी नामरचना त्या काळी घडलीच नव्हती.

६

ती रचना पुढील पिढीत घडली व ती ‘सह’ या शब्दाने घडविली. तुकाराम खेडकर हे विसाव्या शतकाच्या मध्यातील नामांकित वगनट होते. १९५० नंतरच्या दशकात कांताबाई त्यांच्या फडात आल्या. मुंबईत गिरणगावातील प्रेक्षक आणि लालबागच्या न्यू हनुमान थिएटरसारखी तमाशाची हक्काची ठिकाणे यांमुळे तो काळ फडांना अनुकूल होता. कांताबाईंनी केवळ नर्तकीची जागा सांभाळली नाही. ‘रायगडची राणी’ या वगात त्या शिवछत्रपतींची भूमिका करीत व ती विशेष गाजली. ज्या रंगभूमीवर पूर्वी पुरुष स्त्रीवेष घेऊन नाचत, तेथे एका स्त्रीने पुरुषश्रेष्ठाची भूमिका करून ती प्रेक्षकांकडून मान्य करवून घेतली, ही सामान्य गोष्ट नव्हे.

१९६४ मध्ये तुकाराम खेडकर निवर्तले. त्यानंतर त्या फडात कांताबाईंना राहता आले नाही. पवळाबाईंच्या बाबतीत जे घडले त्याचीच पुनरावृत्ती होणार, असे त्या वेळी कोणासही वाटले असते. लहान मुले पदरी, हाताशी फड नाही, आणि इतरांच्या फडांतून काम करण्यावाचून गत्यंतर नाही, अशा स्थितीत काही वर्षे गेली. १९६९ मध्ये त्यांनी स्वतःचा फड उभा केला.

फड उभा करणे म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. कनात, पडदे, पेट्या, दिवे, गाडी यांसाठी भांडवल लागते. हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो, पण कलावंतांना उचल त्याआधीच द्यावी लागते. ती फेडली जाते यात्रांच्या सुपाऱ्यांतून. पावसाळ्यात खेळ नसतात, पण माणसे खातात. एखादी सुपारी अवकाळी पावसाने बुडाली, तर वर्षाचे गणित बिघडते. अशा व्यवसायात सावकार आणि पंच या दोघांनाही विश्वास वाटावा असे नाव फलकावर असावे लागते. कांताबाईंपाशी असे एकच नाव होते व ते त्यांचे स्वतःचे होते. ‘सातारकर’ हे नाव विवाहाने पुसले गेले नव्हते, म्हणूनच वैधव्यानंतर ते उपयोगी पडले. मागे ‘-कर’ प्रत्ययाविषयी जे सांगितले त्याचे प्रत्यक्ष फळ येथे दिसते.

पुढे त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर सोंगाड्या आणि वगनट म्हणून पुढे आले, आणि फड ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखला जाऊ लागला. या नावात दोन भिन्न आडनावे आहेत. अनभिज्ञ वाचकाला त्यांवरून ही माय-लेकरे आहेत, असा संशयही येणार नाही. फलकावर नाते सांगितलेले नाही. तेथे दोन कर्तबगार व्यक्तींची नावे, प्रत्येकी आपापल्या कमाईची, शेजारी शेजारी ठेवलेली आहेत.

७

आता या ‘सह’चे व्याकरण बारकाईने पाहणे अवश्य आहे. मराठीत ‘सह’ दोन प्रकारे येतो. एक, शब्दयोगी अव्यय म्हणून : ‘तो मुलांसह आला’. येथे ‘सह’ आधीच्या नामाला जोडला जातो, त्या नामाचे सामान्यरूप होते, आणि ज्याला ‘सह’ लागतो ते नाम गौण ठरते. आला तो ‘तो’, मुले सोबतीला. दुसरा प्रकार तत्सम समासांतील : ‘सहकुटुंब’, ‘सहपरिवार’. येथे ‘सह’ पुढील पदाला जोडला जातो, आणि ते पुढील पद सोबतीचे ठरते.

फडाच्या नावात ‘सह’ यांपैकी कोणता? पहिला प्रकार मानला, तर ‘रघुवीर खेडकरांसह’ असे सामान्यरूप अपेक्षित होते, ते नाही. ‘खेडकर’ हे पद प्रथमेतच उभे आहे. दुसरा प्रकार मानला, तर ‘सह’ आणि ‘कांताबाई’ यांचा समास व्हावयास हवा, तोही नाही. फलकावर ‘सह’ दोन्ही बाजूंनी सुटा, बहुधा लहान अक्षरांत, दोन ओळींच्या मध्ये लिहिलेला असतो. म्हणजे तो शब्दयोगी अव्ययही नाही व समासाचे पूर्वपदही नाही. तो उभयान्वयी अव्ययाच्या जागेवर येऊन बसला आहे. मात्र ‘आणि’चा तटस्थपणा त्याच्यात नाही. साहचर्याचा मूळ अर्थ त्यात शिल्लक आहे. फक्त कोण कोणाच्या सोबतीला, हे त्याने अनिश्चित ठेवले आहे.

या अनिश्चिततेतच या रचनेचे सामर्थ्य आहे. शब्दयोगी अव्ययाच्या सवयीने वाचणाऱ्यास ‘खेडकरसह कांताबाई’ असे ऐकू येईल, आणि त्याच्या लेखी मुख्य कांताबाई ठरतील. ‘सहपरिवार’च्या सवयीने वाचणाऱ्यास रघुवीर खेडकर मुख्य वाटतील व कांताबाई त्यांच्या सोबत. ज्येष्ठ प्रेक्षक आईसाठी येतो, तरुण प्रेक्षक मुलासाठी. एकच फलक दोघांनाही आपापल्या मनाचे नाव पहिले वाचू देतो. त्याच वेळी वरची ओळ पुत्राला देऊन वारसाही जाहीर करतो. सत्तांतराचा जो नाजूक काळ बहुतेक फडांना भोवतो, तो या फडाने एका अव्ययाच्या आधाराने पार पाडला, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

‘हरिभाऊ बडे सह शिवकन्या बडे नगरकर’ या नावातही हीच रचना आहे. तेथे ‘नगरकर’ हे पद दोघांसाठी मिळून शेवटी एकदाच येते. यावरून ‘सह’ हा एखाद्या फडाचा लहरी प्रयोग नसून व्यवसायात रूढ झालेली रचना आहे, हे सिद्ध होते. भाषेच्या प्रमाण व्याकरणात न आढळणारी ही योजना भाषेच्या व्यवहारात मात्र नियमाने चालते.

८

वारसा सांगण्याची दुसरी रीत म्हणजे नातेच नावात घालणे. नारायणगावच्या भाऊ-बापूंच्या फडातून विठाबाई पुढे आल्या. १९३५ मध्ये जन्मलेल्या या कलावतीला तमाशासम्राज्ञी म्हणून सारा महाराष्ट्र ओळखत असे. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या त्यांच्या नावात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, जात आणि गाव असे चारही घटक उघडपणे आलेले आहेत. जातीचा उच्चार ज्या काळी इतरत्र झाकून केला जाई, त्या काळी तो या फलकावर मोठ्या अक्षरांत होता. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांच्या फडाची जाहिरात ‘विठाबाईंची कन्या’ अशा उल्लेखाने केली जाते, आणि त्यांच्या नावापुढे पुन्हा ‘सह’ घालून पुत्र नितीनकुमार यांचे नाव येते. म्हणजे एकाच नावात मागची पिढी षष्ठीने आणि पुढची पिढी ‘सह’ने जोडलेली आहे. हा वंशवृक्ष आईकडून मुलीकडे जातो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई निवर्तल्या. त्यांच्या नावे राज्य शासनाने तमाशा कलावंतांसाठी जो जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाई सातारकर होत्या.

९

फडाच्या सातत्याचा हा प्रश्न केवळ मराठी नाही. ज्या सुमारास कांताबाई स्वतःचा फड उभारण्याच्या खटपटीत होत्या, त्याच सुमारास, १९६८ मध्ये, इंग्लंडात ‘डीप पर्पल’ नावाचा वाद्यवृंद स्थापन झाला. विजेच्या गिटारींवर आधारलेल्या कर्कश आणि जोरकस रॉक संगीताचा हा एक अग्रणी वृंद. त्याचे नाव एका जुन्या गीतावरून घेतले होते. ते गीत गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांच्या आजीच्या आवडीचे होते. म्हणजे नावात वृंदातील एकाही माणसाचे नाव नव्हते. पुढील वर्षीच गायक व एक वादक बदलले; नंतर आणखी बदलले. १९७६ मध्ये वृंद मोडला, १९८४ मध्ये पुन्हा जमला. या साऱ्या घडामोडींत प्रत्येक संचात असलेला एकच माणूस म्हणजे तालवादक इयन पेस. चाहते या संचांना क्रमांक देऊन ओळखतात : पहिला संच, दुसरा संच, असे.

नाव माणसांपासून सुटे असले की ते उचलून नेता येते. १९८० मध्ये पहिल्या संचातील गायक रॉड इव्हान्स यांनी नवी माणसे जमवून ‘डीप पर्पल’ या नावाने खेळ केले. प्रकरण न्यायालयात गेले व ६,७२,००० डॉलरची भरपाई द्यावी, असा निर्णय झाला. तेथे नाव ही मालमत्ता ठरली आणि तिचा मालक कोण हे न्यायालयाने ठरविले.

मराठी फडाने नेमका उलटा मार्ग धरला. त्याचे नाव सर्वस्वी माणसांचे असते. त्यामुळे माणूस बदलला की नावही बदलावे लागते, आणि प्रत्येक बदल फलकावर उघड होतो. या रचनेचा एक तोटा आहे. ज्याचे नाव फलकावर नाही, त्याला फडाबाहेर पडताना काहीच नेता येत नाही. ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी, पडदे ओढणारा बिगारी, यांचे योगदान नावात कोठेच उमटत नाही. परंतु लाभही आहे. ज्याचे नाव एकदा फलकावर आले, त्याच्यापासून ते कोणी सहजी हिरावून घेऊ शकत नाही. कांताबाईंना जुना फड सोडावा लागला, तरी त्यांचे नाव त्यांच्याबरोबर गेले, आणि त्या नावाभोवती नवा फड जमला.

१०

या विवेचनातून संशोधनाच्या पद्धतीविषयी एक गोष्ट निष्पन्न होते. तमाशाचा इतिहास आजवर मुख्यतः शाहीर आणि वगांच्या संहिता यांच्या आधारे लिहिला गेला. त्यामुळे ज्यांनी लिहिले ते राहिले, आणि ज्यांनी गायले-नाचले ते गळले. फलक, हस्तपत्रके, यात्रेच्या जाहिराती, सुपारीच्या वह्या आणि ध्वनिफितींची वेष्टने ही साधने मात्र गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची नावे क्रमाने आणि पदाने सांगतात. एकाच फडाची दहा वर्षांच्या अंतराने छापलेली दोन हस्तपत्रके शेजारी ठेवली, तर कोणते नाव वर चढले, कोणते ‘सह’च्या खाली आले, कोणते गळाले, हे दिसते, आणि त्यावरून फडाचा अंतर्गत इतिहास पुन्हा मांडता येतो. ग्रंथालयीन सूचीत फडाची नोंद एकाच शीर्षकाखाली करण्याऐवजी नावाच्या प्रत्येक रूपाची स्वतंत्र व सालवार नोंद करणे, हे याच कारणाने आवश्यक ठरते.

ही साधने फार काळ टिकणारी नाहीत. हस्तपत्रकाचा कागद हलका असतो व यात्रा संपल्यावर तो पायदळी जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती नेमकी यात्रांच्या तोंडावर. त्या वर्षी राहुट्यांतील व्यवहार थांबला, आणि पुढच्या हंगामालाही त्याचा फटका बसला. त्याच साथीत कांताबाई गेल्या. नावेही बदलतात : २०२४ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. ‘नगरकर’ हे पद मात्र दोन्ही नावांत समान असलेल्या अंशावर उभे असल्यामुळे त्याला धक्का लागला नाही. लोकव्यवहारातील नावे शासकीय नावांहून किती निराळ्या पायावर उभी असतात, याचा हा एक पुरावाच म्हणावा लागेल.

हिवरगाव पावसा हे गाव पुणे-नाशिक मार्गावर, संगमनेरच्या अगदी जवळ आहे. पवळाबाईंचा जन्म आणि कांताबाईंचा मृत्यू यांमध्ये एवढेच अंतर, आणि दीडशे वर्षांचा काळ. पहिलीचे नाव लोकांच्या तोंडी होते, पण फडाच्या नावात नव्हते. दुसरीचे नाव फडाच्या नावात शिरले आणि तिच्या पश्चातही त्या फडाबरोबर उच्चारले जाते. या दोन टोकांमध्ये तमाशातील स्त्रीने केलेला प्रवास मोजावयाचा, तर त्याचे माप ‘सह’ या दोन अक्षरी शब्दात सापडते.